वाजवते ती आई नव्हे

“रडा, मावशी,” ऋजुता मॅडम हळूच म्हणाल्या. “खरं वाटेल असं रडा.”

मी माझ्याच घराच्या बंद दारासमोर उभी होते. आत माझा दिगू, बाहेर मी आणि मॅडम. दुपारची वेळ, सगळी गल्ली मागावर गेलेली. शेडमधल्या यंत्रमागांच्या खटक्यांचा खडाखडा आवाज कानात बसलेला. रडू कसलं येतंय, मला हसू यायला लागलं होतं.

“मला नाही जमायचं, बाई. असं सांगून कुणाला रडू येतं होय?”

“मागच्या वर्षीची ती संध्याकाळ आठवा,” मॅडम म्हणाल्या.

मग आलं. दोन्ही हात दारावर आपटून मी ओरडले, “दिगू, दार उघड रे! मला लागलंय! रक्त येतंय बघ! आईला आत घे रे, माझ्या सोन्या!”

 आतून दिगूचा जाडा, संथ आवाज आला. पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला, “आईकडं किल्ली असते. आई दार वाजवत नाही. वाजवते ती आई नव्हे.”

“अरे, माझा आवाज ओळखत नाहीस होय रे मुडद्या?”

“संपलं का?” त्यानं आतून विचारलं.

मॅडमनी मान हलवली. अजून नाही. मी आणखी रडले, शिव्या दिल्या, शपथा घातल्या. पठ्ठ्या हलला नाही. शेवटी मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. “शाबास, दिगंबर! संपलं! जिंकलास!” तेव्हा कुठं वरची कडी खाली आली. दार उघडून माझा सव्वीस वर्षांचा लेक तळहात पुढं करून उभा राहिला. मॅडमनी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. तो लाडू त्यानं अर्धा मोडून मला दिला. मी डोळे पुसत खाल्ला.

कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, पोराला छळते ही बाई. पण ती मागच्या वर्षीची संध्याकाळ कुणी बघितली होती?

आम्ही इचलकरंजीत राहायचो. दिगूचे वडील माग चालवायचे, ते गेले, मग मी त्याच शेडमध्ये कांड्या भरायला लागले. धोट्यात बसते ती सुताची कांडी, ती भरायची, दिवसभर तेच. दिगू लहानपणापासून बुद्धीनं मागे. अंगानं वाढला, डोक्यानं सहा-सात वर्षांचाच राहिला. सकाळी रिक्षा त्याला कार्यशाळेत न्यायची. तिथं ही पोरं खडू करायची, फायली चिकटवायची. दुपारी रिक्षा घरी सोडायची आणि मी येईपर्यंत तो एकटा. टीव्ही बघायचा, सुताचे गुंते सोडवत बसायचा. कधी काही झालं नाही.

त्या दिवशी मी आले तर दार सताड उघडं. टीव्ही चालू. दिगू नाही.

मी बोंब मारली तशी गल्ली धावली. आमच्या शेडचे मुकादम पांडबा होते, त्यांनी बॅटऱ्या मागवल्या, पोरांच्या टोळ्या केल्या, कुणी स्टँडवर, कुणी नदीकडं. “आक्काताई, तुम्ही बसा, आम्ही आहे की,” म्हणाले. रात्र पडता पडता दिगू सापडला, बंद पडलेल्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या मागं, भिंतीला पाठ लावून बसलेला. एका पायात चप्पल. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

ती बटणं मी बघितली. दिगूला दुसरं काही येत नसेल, पण बटणं लावायला तो कार्यशाळेत शिकला होता आणि एक बटण कधी चुकायचा नाही. ती त्यानं लावलेली नव्हती. पुढं कितीतरी दिवस तो आंघोळीला मला हात लावू देईना. शर्ट मुठीत धरून कोपऱ्यात बसायचा. मी आई आहे. मला कळायचं ते कळलं.

“कोण होतं रे?”

“काका.”

“कुठला काका?”

“काका. आईला लागलंय म्हणाला. चल म्हणाला.”

पोलीस ठाण्यात हवालदारांनी तेच विचारलं. “नाव काय त्याचं?” दिगू म्हणाला, “काका.” मग हवालदारांकडंच बोट करून म्हणाला, “काका.” हवालदारांनी पेनाला टोपण घातलं. “आता यावर मी काय लिहू, मावशी? तुम्हीच सांगा.”

मी काय सांगणार कपाळ! आपणच शिकवतो की पोरांना. दूधवाला काका, रिक्षावाले काका, पोलीस काका. बाप्या माणूस दिसला की पोरानं काका म्हणायचं, नाही म्हटलं तर पोर उद्धट. माझ्या दिगूला अख्ख्या इचलकरंजीत हजार काका होते आणि त्यातला एक शोधायचा होता.

मुकादमांनी तेवढ्यात एक चांगलं काम केलं, असं मला तेव्हा वाटलं. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मला लोखंडी दार करून दिलं. बाहेरून किल्लीनं आणि आतून हातानं उघडणारं कुलूप, शिवाय आतून वरची जाड कडी. दाराला फट म्हणून नाही. खिडकीला गज, आतून पत्र्याची झडप. “आता कुणाची टाप आहे बघू,” म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. तेव्हापासून दुपारी रिक्षा आली की मी शेडमधून येऊन दिगूला आत सोडायची आणि परत कामावर जायची.

त्याच वर्षी कार्यशाळेत ऋजुता मॅडम आल्या. सांगलीच्या, लहानखुऱ्या, स्कूटरवरून यायच्या. त्यांचा तास म्हणजे फळा नाही, खडू नाही. गॅसचा रेग्युलेटर खराखुरा आणायचा आणि प्रत्येकाच्या हातानं बंद करून घ्यायचा. अंगणात चुन्यानं रस्ता आखायचा आणि तो ओलांडायचा. घमेल्यात ओला पाला पेटवून खोलीत धूर करायचा, मग पोरांनी तोंडाला ओला पंचा धरून गुडघ्यावर रांगत दारापर्यंत यायचं. आया ओरडायच्या, पोरं खोकायला लागली म्हणून. मॅडम म्हणायच्या, “यांना सांगून उपयोग नाही, मावशी. हाताला शिकवायचं. हाताला एकदा आलं की ते विसरत नाहीत.”

आणि पहिल्यांदा त्यांनी ‘काका’ काढून घेतला. रोज भेटणाऱ्या माणसांचे फोटो आणायला लावले. हा कोण? काका नाही म्हणायचं, नाव घ्यायचं. नाव माहीत नसेल तर ‘माणूस’ म्हणायचं. दोन-अडीच महिने घोकंपट्टी चालली. मग दिगू सगळ्यांना नावानं हाक मारायला लागला. रिक्षावाला अन्वर. दूधवाला भीमा. माझा सख्खा दीर गावाहून आला तर त्याला म्हणाला, “ये, शंकर.” दीर असा काही भडकला की चहा न पिता निघाला. मी पदर तोंडाला लावून हसले. पण ‘काका’ त्याच्या तोंडातून गेला तो गेलाच.

त्यानंतर दाराचा धडा. कुणीही आलं तरी उघडायचं नाही. वाजवतच राहिलं तर वरची कडी घालायची. मॅडम म्हणाल्या, “त्या माणसानं तुमचं नाव घेऊन त्याला नेलं. पुढच्या वेळी तुमचा आवाज काढून कुणी आलं तर? तुम्हालाच पुढं करून आलं तर? म्हणून तुम्हालाही उघडता कामा नये. तुमच्याकडं किल्ली आहे. तुम्हाला दार वाजवायची गरजच नाही.” मला पटलं. अजून पटतं. आणि मग ती दुपारची परीक्षा, रडण्याची, जी तो पास झाला. मला त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू! वर्षभरात पहिल्यांदा मी कामावर असताना घराची आठवण न काढता कांड्या भरल्या.

मग तो वैशाखातला दिवस.

शेडमध्ये वीज दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा आली ती जोरात. बल्ब उजळले तसे फुटले. त्यानंतर थोड्याच वेळात शेजारची हौसाबाई धापा टाकत शेडच्या दारात आली. खटक्यांत तिचं बोलणं कुणाला ऐकू येईना. ती नुसती हात वर करून धूर-धूर असं दाखवत होती. मी उठून पळाले.

स्वयंपाकघरात मी वाया गेलेल्या सुताची पोती ठेवायची, पायपुसणी विणायला. वर भिंतीवर विजेचा बोर्ड. बोर्डातून ठिणगी पडली असणार, दुसरं काय? सूत भडकत नाही पटकन, धुमसतं. कौलांच्या सांधीतून काळा-पिवळा धूर निघत होता आणि दारासमोर ही माणसं! जो तो दार बडवत होता. “दिगू, दार उघड! अरे आग लागलीय! दिग्या!”

“मघापासनं बडवाय लागलोय,” हौसाबाई रडत म्हणाली. “आक्काताई, तो उघडंना झालाय. आतनं कडी घातली गं त्यानं!”

मी किल्ली घातली. किल्ली फिरली. दार हललं नाही. वरची कडी.

“थांबा, बडवू नका!” मी ओरडले. “तुम्ही बडवता म्हणून तो आत आहे!” पण कुणाला ऐकू जाणार? गल्लीतले माग चालूच होते, कुणीतरी ते बंद करायला धावलं होतं. पांडबा मुकादम पहार घेऊन आले. चौकटीत घालून जोर लावला. लोखंडावर नुसता ओरखडा उठला. त्यांनीच बनवून आणलेलं दार, हलेल कशाला? दोन पोरं कौलावर चढली, धुरानं गुदमरून खाली आली. बंबाला फोन लागला होता, पण आमच्या गल्लीत हातगाडी शिरायची मारामार, तर बंब कुठून येणार!

मी दाराला तोंड लावलं. “दिगू, मी आई. खरी आई. अरे, खरी आग आहे रे. कडी काढ!”

आतून खोकल्याचा आवाज आला. अगदी जवळून, दाराच्या बुडातून. माझ्या लक्षात आलं, तो खाली आहे, गुडघ्यावर. धूर आला म्हणून रांगत दारापर्यंत आला होता. तोंडाला ओला पंचा लावला असणार, आवाज दबका होता. मॅडमनी शिकवलं ते सगळं सगळं त्यानं केलं होतं. बाहेर यायलाच निघाला होता तो. आणि दारात पोचला तर दार वाजत होतं.

“आईकडं किल्ली असते,” तो म्हणाला आणि पुन्हा खोकला.

“आहे रे किल्ली! कुलपातच आहे! तू कडी घातलीस ना, म्हणून उघडत नाही! काढ कडी!”

“वाजवते ती आई नव्हे.”

“मेल्या, मरशील रे!” मी डोकं दारावर आपटलं. लोखंड गरम लागलं. “तुझ्या पाया पडते, दिगू! माझी शपथ आहे तुला! मी मरेन रे इथं!”

मी रडत होते तसं आयुष्यात कुणी रडलं नसेल. आणि जितकी मी रडत होते तितका तो आत घट्ट होत होता. मला ते कळत होतं आणि रडणं थांबवता येत नव्हतं. देवा, मीच त्याला हे शिकवलं होतं. लाडू देऊन शिकवलं होतं.

खोकला लांबत गेला.  मग एकदम बारीक आवाजात, अगदी थकून, त्यानं विचारलं, “संपलं का, आई?”

आई म्हणाला! त्याला माहीत होतं मी आहे म्हणून. पहिल्यापासून माहीत होतं. तो माझ्यासाठीच दम धरून बसला होता, जिंकायला.

मी उठले. “टाळ्या वाजवा,” मी गल्लीला म्हणाले.

“काय?”

“टाळ्या वाजवा! दार बडवू नका, आरडू नका! हसा आणि टाळ्या वाजवा!”

“डोकं फिरलं बाईचं,” कुणीतरी म्हणालं. मी स्वतःच वाजवायला लागले. हौसाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिनंही हात उचलले. मग मुकादमांनी पहार टाकली. “वाजवा रे!” म्हणून त्यांनी हुकूम सोडला, आणि सगळ्यांत जोरात तेच वाजवायला लागले. तेवढ्यात माग बंद झाले. सगळी गल्ली एकदम शांत, आणि त्या शांततेत शंभर माणसं जळत्या घरासमोर टाळ्या वाजवतायत.

“शाबास, दिगू!” मी म्हणाले. आवाज फाटला. रडकाच निघाला. आत काही हललं नाही. रडणं म्हणजे परीक्षा चालू. मी तोंडात पदर कोंबला, रडू गिळलं, पदर काढला आणि मॅडम म्हणायच्या तसंच, त्याच चालीत म्हणाले, “शाबास, दिगंबर! संपलं! जिंकलास!”

कडी खडखडली. अडकली. पुन्हा खडखडली. मग खाली आली.

दाराबरोबर धुराचा लोट बाहेर आला आणि त्याखालून माझा दिगू रांगत आला, पंचा तोंडाला धरून. बाहेर येऊन उभा राहिला. भुवया करपलेल्या, डोळे लाल. तळहात पुढं केला.

“लाडू,” म्हणाला.

मी त्याला मिठी मारली तर त्यानं मला दूर सारलं. आधी लाडू. लाडू कुठला आणू? हौसाबाई धावत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली, तो त्याच्या हातावर ठेवला. माणसं आता खरंच आनंदानं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती, कुणी बादल्या घेऊन घराकडं धावत होतं. दिगू हसत सगळ्यांकडं बघायला लागला. नावं घ्यायला लागला. “हौसा. अन्वर. भीमा.”

आणि मग हसू गेलं. गूळ हातातून खाली पडला. दोन्ही हातांनी त्यानं शर्टाची बटणं मुठीत गच्च धरली.

“काका,” तो म्हणाला.

 वर्षभर हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. सख्ख्या काकाला तो काका म्हणत नव्हता.

“काका नाही म्हणायचं, दिगू. नाव घे,” मी म्हणाले.  “नाव काय त्याचं?”

“नाव सांगितलं नाही त्यानं. काका.”

तो बघत होता तिकडं मी बघितलं. पांडबा मुकादम. टाळीत जुळलेले हात तसेच छातीशी होते. माझी पाळी लावणारे ते. मी किती वाजता घरी जाते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या रात्री बॅटऱ्या वाटणारे ते. पोरांना स्टँडवर पाठवलं, नदीकडं पाठवलं, सायझिंगकडं मात्र कुणालाच पाठवलं नाही. दिगू सापडल्यापासून ते त्याच्यासमोर एकदाही आले नव्हते, दारसुद्धा तो कार्यशाळेत असताना बसवून घेतलं.

“पोरगं धुरानं भांबावलंय, आक्काताई,” ते म्हणाले आणि एक पाऊल पुढं आले. “ये रे दिगू, इकडं ये.”

दिगू मागं सरकला. एक पाऊल, दोन पावलं. मग वळला आणि पळाला. कुठं पळाला? जिथं कुणी येऊ शकत नाही तिथं. धुरात. घरात शिरून त्यानं ते लोखंडी दार ओढलं.

मी उजवा हात चौकटीत घातला. दार हातावर आपटलं. बोटांची हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं, पण मी हात काढला नाही. तो आतून सगळा जोर लावून ओढत होता. आता टाळ्यांचा उपयोग नव्हता. टाळ्या पांडबानंही वाजवल्या होत्या.

डाव्या हातानं मी कुलपातली किल्ली उपसली आणि फटीत धरली. आतून धूर तोंडावर येत होता, काही दिसत नव्हतं.

“किल्ली बघ, दिगू,” मी म्हणाले. रडले नाही. “मी वाजवत नाही. बघ, माझ्याकडं किल्ली आहे.”

दाराचा जोर तसाच होता. मग किल्लीवर त्याची बोटं आली. चाचपली. तिला बांधलेला लाल दोरा त्यानं चाचपला.

“आई,” म्हणाला आणि दार सोडलं.

त्याला काखेत धरून मी तशीच गल्लीतून निघाले. माणसं बाजूला झाली. पांडबाही बाजूला झाला.  मागं माझं घर बसलं, कौलं पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

ठाण्यात हवालदार तेच होते. माझा हात बघून उठले, “आधी दवाखान्यात जा, मावशी,” म्हणाले. मी बसून राहिले. मग त्यांनी कागद ओढला आणि दिगूला विचारलं, “नाव काय त्याचं?”

“काका,” दिगू म्हणाला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टोपण हातात घेतलं. मी तो मोडका हात उचलून त्यांच्या कागदावर ठेवला. रक्त कागदाला लागलं.

“टोपण घालू नका,” मी म्हणाले. “या वेळी नाव मी सांगते. लिहा.”

त्यांनी लिहिलं. दिगू शेजारच्या बाकावर किल्ली मुठीत धरून बसला होता. ज्या दाराची ती किल्ली होती ते दार आता राहिलं नव्हतं, पण त्यानं ती आजतागायत मला परत दिलेली नाही.